भांडवलाआधी नोंदवही

नवा उद्योग म्हटले की चर्चा भांडवलापासून सुरू होते. दिंडोरी तालुक्यातील मोहाडीच्या ‘सह्याद्री फार्म्स’चा अनुभव निराळा आहे. विलास शिंदे आणि त्यांच्या सहकारी द्राक्ष बागाईतदारांची युरोपला निर्यात सुरू असताना २०१० मध्ये भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश आढळला. आपल्याकडील तपासणीच्या यादीत तो घटकच नव्हता! तरीही माल नाकारला गेला, आणि मोठा तोटा सोसावा लागला.

अशा वेळी संघ फुटतात. येथे उलट घडले. पुढे शेतकरी उत्पादक कंपनी उभी राहिली. २००२ च्या कायदा-दुरुस्तीने दिलेल्या या रचनेत भागभांडवल कितीही असो, वैयक्तिक सभासदाला मत एकच. मात्र समान मत म्हणजे समान भाव नव्हे, हे पहिल्याच बैठकीत ठरलेले बरे. भाव प्रतवारीने ठरावा, आणि अध्यक्षांच्या मेहुण्याचा माल असला तरी प्रतवारी बदलू नये. (गावोगावच्या संस्था नेमक्या येथेच बुडाल्या.) कोणत्या बागेत कोणती फवारणी केव्हा झाली, याची नोंद काढणीपूर्वी हाती हवी, दोष निघाल्यास पेटीवरून थेट बागेपर्यंत पोहोचता येते व निर्दोष सहकाऱ्यावर संशय येत नाही. दैनंदिन निर्णय पगारी, जाणकार व्यवस्थापकाकडे द्यावेत. संचालकांनी हिशेब मागावा, गाडीत माल कोणी भरावा हे सांगू नये.

भांडवल मागाहून आले. ज्या युरोपने द्राक्षे नाकारली होती, तेथील गुंतवणूकदारांनी २०२२ मध्ये ‘सह्याद्री’त सुमारे ३१० कोटी रुपये गुंतवले.