पेरूची सहल आणि आमचा चढ

(गणेशोत्सवातील सभासदांच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बोलणारा माणूस नाही. आमचं आयुष्य खरगपूरच्या रुळांत आणि खडीत चाललंय. पण कार्यकारिणीने गाठलं, म्हणाले, तुम्ही पेरूला निघालात, त्यावर बोला. अजून निघालेलो नाही, पुढच्या मे महिन्याचा बेत आहे. दक्षिण अमेरिकेतल्या या देशात इंका लोकांनी पंधराव्या शतकात डोंगरमाथ्यावर बांधलेलं माचू पिक्चू पाहायचं, हे आमच्या लग्नाच्या विसाव्या वर्षासाठी ठरलेलं. रेल्वेतल्या मित्रांना आधीच सांगतो, पास चालत नाही आणि एलटीसीही नाही!

काहींना आठवत असेल, आम्ही लेहला गेलो होतो. विमानाने उतरलो आणि त्याच दुपारी फिरायला बाहेर पडलो. रात्री सौ.ला उलट्या, डोकेदुखी, धाप. पहाटे इस्पितळात ऑक्सिजन लावावा लागला. डॉक्टर म्हणाले, आधी दोन दिवस विश्रांती घ्या असं कोणी सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. रजा फुकट जाऊ नये म्हणून मीच ऐकलं नव्हतं.

आता पेरूचं कुस्को शहर ३,४०० मीटरवर, म्हणजे जवळजवळ लेहच. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश. आणि मी पठ्ठ्याने कागदावर काय लिहिलं? लिमाहून विमानाने कुस्को, दुसऱ्या दिवशी सकाळपासून भटकंती. सौ.ने कागद पाहिला आणि म्हणाली, "अहो, रुळाला असा चढ एकदम द्याल का?"

नकाशा पुन्हा काढला. गंमत अशी की माचू पिक्चू कुस्कोपेक्षा बरंच खाली आहे, सुमारे २,४३० मीटरवर. म्हणून कुस्कोच्या विमानतळावरून थेट खाली ओयान्तायताम्बो या गावी जायचं, सुमारे २,८०० मीटरवर. तिथे दोन रात्री स्वस्थ पडायचं, मग गाडीने माचू पिक्चू, आणि कुस्को सगळ्यात शेवटी. तितिकाका सरोवर ३,८०० मीटरवर, ते काटलं. लिमाहून अँडीजमध्ये चढणारी रेल्वे गलेरा बोगद्यात ४,७८१ मीटरवर जाते. जगातल्या सर्वात उंच मार्गांपैकी एक. तो बोगदा पाहायचा हे माझं डिप्लोमाच्या दिवसांपासूनचं वेड. तोही काटला. पेन उचलायला दोन दिवस लागले, खोटं कशाला बोलू.

माचू पिक्चूची गाडी मात्र आहे. तीन फुटी नॅरोगेज, आणि कुस्कोच्या डोंगरावर आपल्या दार्जिलिंगसारखा झिगझॅग. पुढे रूळ उरुबांबा नदीच्या काठाने जातात. जानेवारी २०१० मध्ये पुराने हाच मार्ग तोडला, हजारो प्रवासी अडकले, त्यांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. तिकडचा पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणून आमचा मे. पावसाळी गस्त घातलेल्या माणसाला त्या नगरातली खरी नवलाई पाण्याच्या निचऱ्यात वाटते. वर्षाला सुमारे दोन मीटर पाऊस, तरी पाचशे वर्षांत डोंगर सरकून नगर खाली आलं नाही. भिंतींत पाणी काढायला सुमारे १३० वाटा ठेवल्यात, शेताच्या पायऱ्यांखाली दगडखडीचे थर आहेत. आमच्या बांधांना असे थर मिळाले तर रात्री झोप तरी लागेल.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. परदेशाच्या रजेची मंजुरी आधी घ्या. पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी टोचून घ्या, कारण पेरूहून परतताना दाखला नसेल तर आपलेच लोक विमानतळावरून विलगीकरणात नेतात. खाण्याची काळजी करू नका, आपल्या उपवासाचा बटाटा मूळचा त्याच डोंगरातला.

माचू पिक्चूच्या प्रवेशाचं तिकीट दिवस, वेळ आणि पासपोर्ट क्रमांक घालूनच मिळतं. रोजची संख्या ठरलेली, त्यामुळे लवकर काढावं लागतं. मी अजून काढलेलं नाही. सौ.च्या हृदयाची आणि फुफ्फुसांची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. ती म्हणते, आधी तिकीट काढा. मी म्हणतो, आधी रिपोर्ट. या वेळी मी ऐकणार नाही.

आता प्रश्न विचारा. खाण्याचे तिला, रुळांचे मला.