पानाची जागा



सकाळी चहाच्या रांगेत आपल्या गणिताच्या सरांनी विचारलं, "काय करतोस रे हल्ली?" म्हटलं, "सर, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे." "कसलं सॉफ्टवेअर?" मग सांगावंच लागलं, टॅरोचं. पत्त्यांवरून भविष्य बघतात ना, त्याचं. सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "म्हणजे करंज्याच्या जत्रेतला पोपटवालाच की!" सगळे हसले, मीही हसलो. पण पुढे सर हळूच म्हणाले, "लोक विश्वास ठेवतात रे त्याच्यावर." तेव्हा मला काही बोलता आलं नाही. आता माईक हातात आलाय, तर बोलतो.

श्रावणी सोमवारी सोमेश्वराच्या दर्शनाला गेलं की आपण आधी पोपटवाल्यासमोर बसायचो. पोपट पिंजऱ्यातून बाहेर यायचा, रांगेतलं एक पाकीट चोचीनं ओढायचा, की झालं. एक पाकीट, एक उत्तर. टॅरोचं तसं नाही. त्यात 78 पानं असतात. हा मुळात पंधराव्या शतकातला इटलीतला पत्त्यांचा खेळ. भविष्य बघायला लोक त्याला फार नंतर लागले. आज जगभर जो संच सर्वांत ओळखीचा आहे, तो 1909 साली लंडनमध्ये निघाला. चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. कल्पना आर्थर वेट यांची, म्हणून नाव त्यांचंच जास्त झालं. असो.

माझं काम पानांचा अर्थ सांगण्याचं नाही. ती स्क्रीनवर कुठे, कशी पडतील ते ठरवायचं, म्हणजे मांडणी. कुंडली आठवा. आपल्याकडच्या कुंडलीत बारा घरं जागच्या जागी असतात आणि राशींचे आकडे फिरतात. शनी कुठल्या घरात बसलाय, यावर घरातली माणसं काळजी करायची की नाही ते ठरवतात. टॅरोतही तसंच, जागा आधी आणि पान नंतर. एकच पान 'मागचं' या जागी पडलं तर एक अर्थ, 'पुढचं' या जागी पडलं तर दुसरा.

दहा पानांची एक प्रसिद्ध मांडणी आहे, केल्टिक क्रॉस. पहिलं पान मधोमध, दुसरं त्याच्यावर आडवं, म्हणजे अडथळा. मग चार पानं चार बाजूंना आणि उरलेली चार उजवीकडे खालून वर. दहावं पान म्हणजे शेवट काय होणार ते. बाजूच्या चार पानांचा क्रम मात्र प्रत्येक पुस्तकात वेगळा. वेटसाहेबांच्या पद्धतीत तर मधल्या पानावरच्या माणसाचं तोंड जिकडे, तिकडे 'पुढचं'. हे प्रोग्रॅममध्ये बसवताना मी अक्षरशः रडकुंडीला आलो.

पहिली चूक हसण्यावारी गेली. प्रत्येक जागेसाठी मी 78 मधून स्वतंत्रपणे एक पान उचलत होतो, त्यामुळे एकाच मांडणीत तेच पान दोनदा यायचं. मला वाटलं, क्वचित होत असेल. हिशेब केला तर दहा पानांत 45 टक्के वेळा! तेव्हा सरांचा वाढदिवसाचा तास आठवला. वर्गात 23 मुलं असली तरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, हे सरांनी आपल्याला करून दाखवायचं ठरवलं होतं. आपल्या वर्गात निम्म्यांची जन्मतारीख 1 जूनच लावलेली, त्यामुळे प्रयोगाचा बट्ट्याबोळ झाला. पण गणित डोक्यात राहिलं होतं. मग आधी सगळा गठ्ठा पिसायचा आणि वरून एकेक पान काढायचं, असं केलं. हातानं माणूस तेच करतो.

दुसरी चूक मात्र हसण्यासारखी नव्हती. मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर दहा पानं मावत नव्हती, म्हणून मी ती एकाखाली एक लावली. आडवं पान कुठेच बसेना, ते सगळ्यात शेवटी टाकलं. जागांची नावंही जागा वाचवायला काढली. मला काय, माझा यावर विश्वास नाही. मला ती दहा चौकोनी चित्रं होती.

एका बाईंचा मेल आला. मिस्टर दवाखान्यात, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. रात्री त्यांनी मोबाईलवर मांडणी काढली, तर सगळ्यात खाली तेरावं पान, 'मृत्यू'. जाणकार या पानाचा अर्थ एखादी गोष्ट संपून दुसरी सुरू होणं असा घेतात, खरं मरण नव्हे. पण पानावर घोड्यावर बसलेला सांगाडा आहे. रात्री एकटीनं बघितल्यावर काय होणार? बाई जाणकार होत्या, शेवटचं पान म्हणजे शेवट हे त्यांना माहीत होतं. सकाळी कॉम्प्युटरवर तीच मांडणी उघडली, तर ते पान दुसऱ्या जागेवर, आडवं. त्यांनी एवढंच विचारलं होतं, "खरं कुठलं?"

मी तो मेल दोन दिवस कुणाला दाखवला नाही. मग सगळं उकललं. आता प्रत्येक पानाबरोबर त्याच्या जागेचा आकडा आणि नाव बांधलेलं असतं, स्क्रीन केवढीही असो. मोबाईलवर आधी अख्खी मांडणी लहान करून दिसते, आडवं पान आडवंच. बोट लावलं की एकेक पान क्रमानं मोठं होतं. 'शेवट' हा शब्द बदलून 'पुढे काय दिसतं' असा करू का, हेही मी त्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही, शब्द तोच असू द्या. फक्त जागा बदलू नका."

नंतर त्यांचा आणखी एक मेल आला. पानं आता नीट दिसतात, मिस्टर अजून दवाखान्यातच आहेत, एवढाच मजकूर. मी उत्तर लिहायला तीनदा बसलो. शेवटी लिहिलं, तब्येत कळवत जा.

सर, विश्वास माझा आजही नाही. पण तुम्ही सकाळी विचारलंत, त्यावर माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच आहे. बाकीचं पंगतीत बोलू, आचारी मघापासून खुणा करतोय.