ब्रेकचं काम आणि एक कागद



आज आम्ही तुम्हाला आमच्या गाडीची गोष्ट सांगणार आहोत. आमच्या गटांनी मिळून एक जुनी पिकअप घेतली आहे. तिचे हप्ते अजून चालू आहेत. गटातल्याच एका ताईने लायसन्स काढलं आणि तीच ती गाडी चालवते. जाताना भाजीपाला, वरई, खुरासणी आणि नागलीचे पापड नाशिकला जातात. येताना दुकानाचा किराणा आणि खताच्या गोण्या येतात.

मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ताई भरलेली गाडी घेऊन वाघेरा घाट उतरत होती. एका वळणावर तिने ब्रेक दाबला, तर पेडल सरळ खाली गेलं. ताईचं डोकं जागेवर होतं. तिने गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली, पेडल भराभर दोन-तीनदा दाबलं, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या अंगाला नालीत चाक घालून गाडी थांबवली. कुणाला खरचटलंही नाही. पण दुसऱ्या बाजूला दरी होती. त्या रात्री आमच्यापैकी कुणालाच नीट झोप लागली नाही.

आता खरी गोष्ट ऐका. या ब्रेकचं काम आठच दिवसांपूर्वी झालं होतं, तेही पैसे मोजून.

तेव्हा ताई गाडी गॅरेजला घेऊन गेली होती. ती म्हणाली, "ब्रेक खाली जातोय आणि ब्रेक ऑइल सारखं कमी होतंय." मेकॅनिक म्हणाला, "ठेवून जा, करून देतो." संध्याकाळी २,८०० रुपये झाले. मागचे लायनर बदलले, सिलेंडरचं किट टाकलं, ऑइल भरलं, मजुरी अमुक, असा हिशेब त्याने तोंडी सांगितला. आम्ही रोख पैसे दिले आणि गाडी घेऊन आलो. बिल मागितलं नाही, जुना माल मागितला नाही. मैत्रिणींनो, गटात आपण पन्नास रुपयांची बचत सहीशिवाय घेत नाही. तिथे मात्र २,८०० रुपये नुसत्या तोंडच्या हिशेबावर देऊन मोकळ्या झालो.

घाटातल्या प्रसंगानंतर गाडी दुसऱ्या मेकॅनिककडे ओढून नेली. त्याने आमच्यासमोर मागचं डावं चाक उघडलं. आत सगळं ओलं होतं. चाकाजवळ एक छोटा सिलेंडर असतो. आपण पेडल दाबलं की ऑइलचा दाब तिथे पोचतो आणि तो लायनरला ड्रमवर दाबतो. त्या सिलेंडरमधलं रबर जुनं होऊन कडक झालं होतं आणि तिथून ऑइल गळत होतं. नवे लायनर त्याच ऑइलने भिजले होते. भिजलेला लायनर ड्रमला धरत नाही. आणि ऑइल गळतच राहिलं तर पेडलला दाब मिळत नाही. म्हणजे लायनर बदलले होते, पण मूळ दुखणं तसंच होतं. किटचे पैसे घेतले होते, पण किट टाकलंच नव्हतं.

आम्ही पहिल्या गॅरेजला गेलो. उत्तर मिळालं, "दुसऱ्याने हात लावला ना, आता आमची जबाबदारी नाही." आणि वर म्हणाले, "ताई, तुम्हाला गाडीतलं काय कळतं? घरच्या माणसाला पाठवा."

पैशांपेक्षा हे वाक्य जास्त लागलं. पण त्याहून वाईट गोष्ट गावात चालली होती. "बाईच्या हातात गाडी दिली की असंच होणार," असं लोक बोलायला लागले होते. आमच्या मिटिंगमध्येही दोन मतं पडली. काही जणी म्हणाल्या, "तो ओळखीचा आहे, अडीअडचणीला उधारीवर काम करतो. त्याच्याशी वैर कशाला?" काही म्हणाल्या, "पैसे गेले तर गेले, पण उद्या दुसऱ्या कुणाची गाडी दरीत गेली तर?" शेवटी आमची चालवणारी ताई बोलली. ती म्हणाली, "मला पैसे नकोत. चूक माझ्या चालवण्याची नव्हती, एवढं मला कुणीतरी लिहून द्या. नाहीतर मी उद्यापासून स्टिअरिंगला हात लावणार नाही."

यावर कुणी काही बोललं नाही. ठराव झाला.

मग आम्ही एकेक गोष्ट केली. दुसऱ्या मेकॅनिककडून साध्या कागदावर लिहून घेतलं की चाक उघडल्यावर काय दिसलं, त्याने काय बदललं आणि किती पैसे घेतले. त्याने सही केली, तारीख टाकली. चाक उघडलं तेव्हा आमच्यातल्या एका मुलीने मोबाईलवर फोटो काढले होते, ते छापून घेतले. मग पहिल्या गॅरेजला पत्र लिहिलं. शिवीगाळ नाही, धमकी नाही. अमुक तारखेला गाडी दिली, ही तक्रार सांगितली, एवढे पैसे दिले, अमुक तारखेला घाटात ब्रेक गेला, उघडल्यावर हे दिसलं. पंधरा दिवसांत न झालेल्या कामाचे पैसे परत करा आणि काय झालं ते लिहून द्या, नाहीतर आम्ही ग्राहक आयोगाकडे जाऊ. पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवलं आणि पोचपावती फाईलला लावली.

पत्र पोचल्यावर गॅरेजचे मालक स्वतः मिटिंगला आले. म्हणाले, "त्या दिवशी गर्दी होती. कामाला नवा मुलगा होता, त्याच्याकडून किट टाकायचं राहून गेलं." किटचे पैसे आणि मजुरी मिळून १,४०० रुपये परत दिले. बुडालेल्या फेऱ्यांचे आणि गाडी ओढून न्यायचे पैसे मिळाले नाहीत, आणि आम्हीही ते सोडून दिले. पण आमच्या पत्राच्या खाली त्यांनी सही करून लिहिलं की सिलेंडरचं किट बसवलं गेलं नव्हतं. त्या कागदाची एक प्रत ताईने घरी नेली आणि सासऱ्यांना वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी तिने गाडी काढली.

मैत्रिणींनो, आम्ही यातून एकच गोष्ट शिकलो. गाडीचं इंजिन कळायची गरज नाही. आपण काय सांगितलं, त्याने काय केलं आणि किती घेतलं, एवढं लिहिलेलं हवं. आणि लिहून ठेवायचं काम गटाच्या बायकांइतकं चांगलं कुणाला येतं?

आता आम्ही गाडीसाठी वेगळी वही केली आहे. रोजगार हमीचं जॉब कार्ड तुम्हाला माहीत आहे. मोठ्या गॅरेजमध्येही जॉब कार्ड असतं. गाडीचा नंबर, किलोमीटर, तक्रार आणि अंदाजे खर्च त्यावर लिहितात. छोट्या गॅरेजमध्ये ते नसतं, तर आपण आपल्या वहीत लिहायचं आणि मेकॅनिकची सही घ्यायची. लिहिताना "ब्रेक दुरुस्त करणे" एवढंच लिहू नका. "पेडल खाली जातं, ऑइल कमी होतं, कारण शोधून दुरुस्त करणे" असं लिहा. सांगितलेल्या खर्चापेक्षा जास्त लागणार असेल तर आधी फोन करा, असंही तिथेच लिहा.

काम झालं की बदललेले जुने भाग मागून घ्या. नुसतं "जुनं लायनर दाखव, जुनं रबर दाखव" म्हटलं तरी निम्मी लबाडी तिथेच थांबते. गाडी ताब्यात घेण्याआधी मेकॅनिकला शेजारी बसवून चक्कर मारा. ब्रेकच्या कामानंतर ऑइलच्या डबीवरच्या दोन खुणा बघा. ऑइल त्यांच्या मध्ये हवं. चार दिवसांनी पुन्हा बघा. पातळी उतरली असेल तर कुठेतरी गळतंय, घाटात जाऊ नका.

बिल घ्याच. भागांचे पैसे वेगळे, मजुरी वेगळी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. पैसे शक्यतो फोनवरून द्या, म्हणजे त्याची नोंद राहते.

आणि काम बिघडलं तर दुसरीकडे उघडण्याआधी पहिल्या गॅरेजला कळवा. मेसेज केला तरी चालेल, पण लिहून कळवा, फोटो काढा, मगच हात लावू द्या. आमच्याकडून हे राहिलं होतं, म्हणून तर "दुसऱ्याने हात लावला" हे ऐकावं लागलं.

पैशांवरून वाद झाला आणि गॅरेजवाल्याने गाडी अडवली तर काय करायचं, हे बऱ्याच जणी विचारतात. भांडून गाडी काढायला जाऊ नका. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे, सांगितलेलं काम ज्याने आपल्या कसबाने केलं आहे, त्याला त्याची मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. शिंप्याकडच्या कपड्यासारखंच हे. म्हणून पैसे द्या, पण बिलावर "हरकत राखून पैसे दिले" असं लिहा, गाडी घरी आणा आणि मग तक्रार करा. पैसे दिले म्हणजे तक्रारीचा हक्क गेला असं होत नाही.

तक्रार कुठे करायची? आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तिथून समोरच्याशी बोलणी करून प्रश्न सुटतो का, हे पाहतात. नाही सुटला तर नाशिकला जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मग गॅरेज दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी चालतं. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची.

एक गोष्ट गटांनी विशेष लक्षात ठेवावी. ग्राहक कायदा व्यापारी कारणासाठी घेतलेल्या सेवेला लागत नाही. समोरचा म्हणेल, "ही तर धंद्याची गाडी." म्हणून तक्रारीच्या सुरुवातीलाच स्पष्ट लिहा की ही गाडी आपण स्वतः चालवतो आणि सभासदांच्या उपजीविकेसाठी वापरतो. गटाच्या वतीने तक्रार कोण करणार, याचा ठरावही जोडा.

आयोगाचं काम अवघड वाटलं तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याने प्रत्येक स्त्रीला आणि प्रत्येक आदिवासी बांधवाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्यांचा फोन नंबर १५१००.

हे हक्क आपल्याला सहज मिळालेले नाहीत. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिथे शेजारच्या कुटुंबांनी गट करून महिन्याचा माल एकत्र घ्यायला सुरुवात केली. म्हणजे सुरुवात आपल्यासारख्या गटांपासूनच झाली. पुढे १९८६ ला ग्राहक कायदा आला. त्याची आठवण म्हणून २४ डिसेंबरला ग्राहक दिन असतो. यंदा त्या दिवशी आपल्या ग्रामसंघाच्या मिटिंगला हा विषय घ्या.

शेवटी हेही सांगायला हवं की सगळे मेकॅनिक लबाड नसतात. भर पावसात रस्त्यावर आडवं पडून गाडी चालू करून देणारेही आपल्याच भागातले आहेत. चांगल्या कारागिराला आपल्या वहीचं काही वाटत नाही, उलट त्याचं काम तिथे नोंदलं जातं. आम्ही त्या पहिल्या गॅरेजला आजही किरकोळ कामाला जातो. ताई उतरली की मालकच मुलाला हाक मारतात, "अरे, वही घेऊन आल्यात. आधी तक्रार लिहून घे."

मैत्रिणींनो, तुमच्या गटाची गाडी असो, घरातली मोटारसायकल असो, पिठाची गिरणी असो की शेतातला पंप असो, पुढच्या दुरुस्तीला एक कागद सोबत न्या. आणि ब्रेकचं काम असेल तर एका कागदावर दोन सह्या घ्या.