भिंतीवरचा शिलालेख आणि एका पैशाचं वर्तमानपत्र
(तंजावर येथे मराठी आणि तमिळ विद्यार्थ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मित्रमैत्रिणींनो, आज सकाळी तुमच्यापैकी काहीजण मला बृहदीश्वराच्या मंदिरात घेऊन गेले. तिथल्या भिंतीवर देवनागरीत कोरलेला मराठी मजकूर मी पाहिला. भोसले घराण्याचा हा इतिहास 1803 साली दुसऱ्या सरफोजीराजांनी कोरून घेतला. एवढा लांब मराठी शिलालेख आपल्याकडे महाराष्ट्रातही सहजी दिसत नाही. खरं सांगते, आधी ऊर भरून आला. मग वाटलं, ही स्थलांतरितांनी स्वतःविषयी लिहिलेली बातमीच आहे की. व्यंकोजीराजे 1675 च्या सुमारास फौज घेऊन इथं आले, त्यांच्या घराण्यानं 1855 पर्यंत गादी राखली, आणि ‘आम्ही कोण, कुठून आलो’ हे लिहायला त्यांना मंदिराची भिंत मिळाली. 1805 साली सरफोजींनी छापखानाही काढला. तिथं देवनागरीत मराठी पुस्तकं छापली गेली, तेव्हा पुण्यात अजून पेशवाई होती.

महाराष्ट्रातले पत्रकार तंजावरला येतात ते याच भिंतीपाशी. राजवाडा, सरस्वती महाल, मोडी कागद, आणि संभाजीवरून सांबार हे नाव पडल्याची ती दंतकथा. (सांबाराशिवाय तंजावरवरचा मराठी लेख अजून माझ्या वाचनात यायचाय.) पण फौजेबरोबर घोड्याचा चारा वाहणारे आले असतील, कपडे शिवणारे आले असतील. त्यांची नातवंडं-पतवंडं आज काय करतात, कोणती मराठी बोलतात, जात बरोबर आणली की वाटेत टाकली, हे विचारायला कुणी थांबत नाही.

आता दुसरं स्थलांतर. ते उलट्या दिशेनं झालं. इथून पूर्वेला नागपट्टणमचं बंदर आहे. जुन्या तंजावर जिल्ह्यातलंच. मिरासदारांच्या भातशेतीत राबणारे, त्यांत मोठ्या संख्येनं दलित, या बंदरातून सिलोनला, मलायाला गेले. मळ्यावर भरती करणाऱ्याला कंगाणी म्हणत. तो आगाऊ पैसे देई, माणसं गोळा करी, मळ्यावर तोच मुकादम होई. माझ्या गावच्या लोकांना हे समजावून सांगावं लागणार नाही. उचल घ्यायची, टोळीत नाव लावायचं, उचल फिटेपर्यंत कोयता खाली ठेवायचा नाही. शब्द वेगळे, हिशेब तोच.

या माणसांना भिंत कोण देणार? त्यांनी कागद धरला. आणि तो कागद जातीच्या प्रश्नापासून सुरू झाला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 1893 साली रेट्टमलै श्रीनिवासन यांनी मद्रासहून पत्र काढलं, त्याचं नाव ‘परैयन’. ज्या शब्दानं हिणवलं जातं तोच मथळ्यावर! 1907 साली अयोथीदास पंडितांनी ‘ओरु पैसा तमिळन’ सुरू केलं. नावातच किंमत, एक पैसा. ते कोलारच्या सोन्याच्या खाणीत वाचलं जाई. तिथं जमिनीच्या पोटात उतरणारे तमिळ दलित मजूर हेही घर सोडून आलेलेच. अयोथीदास 1914 साली गेले. पुढे काही वर्षांनी हे पत्र पुन्हा निघालं ते मद्रासहून नव्हे, कोलारच्या खाणवस्तीतून. वाचकांनीच पत्र उचललं.

आणि तुमच्या शेजारच्या तिरुवारूरचा एक मुलगा, गो. सारंगपाणी. 1903 चा जन्म. 1924 साली सिंगापूरला गेला. पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीचा माणूस. 1929 च्या अखेरीस पेरियार स्वतः मलायाच्या दौऱ्यावर आले, आणि 1935 साली सारंगपाणींनी ‘तमिळ मुरसु’ काढलं. मुरसु म्हणजे नगारा. तमिळांमधल्या समाजसुधारणेसाठी निघालेलं हे पत्र पुढे दैनिक झालं. मलाया-सिंगापूरच्या तमिळांनी नागरिकत्वासाठी अर्ज करावेत म्हणून 1950 च्या दशकात सारंगपाणी झटले. ते पत्र आजही निघतं. परक्या देशात गेल्यावर ‘आपण सगळे एक’ म्हणून जात झाकून ठेवायची सोय असते. अमेरिकेतल्या आपल्या काही मंडळांत ती सोय आजही चालू आहे. सारंगपाणींनी ती घेतली नाही.

आपल्याकडेही हेच घडलं. कृष्णराव भालेकरांनी 1877 साली पुण्यात ‘दीनबंधु’ काढला, नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1880 साली तो मुंबईत नेला. वाचक कोण? घाटावरून, कोकणातून गिरणीत आलेले कामगार. तिथल्या सत्यशोधक चळवळीला बळ देणारे रामय्या व्यंकय्या अय्यावारू तेलुगू होते, तेही बाहेरून आलेले. 1890 साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, त्यामागे लोखंडे आणि त्यांचं पत्र होतं. 1920 साली बाबासाहेबांचा ‘मूकनायक’ निघाला, त्याची जाहिरात पैसे देऊ केले तरी ‘केसरी’नं छापली नाही. ज्यांना दुसऱ्याच्या पत्रात पैसे देऊनही जागा नाही, त्यांना स्वतःचं पत्र काढावं लागतं.

थोडं माझं सांगते. माझे आईवडील ऊसतोडीला कर्नाटकात जायचे. घरात पदवी घेणारी मी पहिली. एका दैनिकात नोकरी लागली तेव्हा मी ऊसतोडीवरच पहिली मोठी बातमी केली. ट्रॅक्टर उलटून एक बाई गेली होती. मी तिचं नाव लिहिलं, वय लिहिलं, मुकादमाकडची उचल किती राहिली होती तेही लिहिलं. सकाळी अंक उघडला. ‘ऊसतोड मजूर महिलेचा मृत्यू’. कारखान्याच्या अध्यक्षांचं नाव होतं, कारण त्यांनी दुःख व्यक्त केलं होतं. बाईचं नाव जागेअभावी गेलं. मी डेस्कवर काही बोलले नाही. नवी होते, नोकरी हवी होती. पण आई वाचायला शिकली नव्हती म्हणून तिला ती बातमी मोठ्यानं वाचून दाखवावी लागली, आणि आईनं विचारलं, “बाई कोन व्हती गं?”

8 मे 2020 आठवा. जालन्याहून रुळावरून चालत निघालेले सोळा मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले. मध्य प्रदेशातले, बहुतेक गोंड आदिवासी. देशभर छापून आला तो रुळावर पडलेल्या भाकरीचा फोटो. फोटो खोटा नव्हता. पण त्या सोळांपैकी एकाचं तरी नाव आज आपल्याला सांगता येईल? मलाही आठवून सांगता येत नाही, आणि मी पत्रकार आहे.

2023 च्या मार्चमध्ये तर उलटंच झालं. तमिळनाडूत बिहारी मजुरांना मारतात असे खोटे व्हिडिओ पसरले, काही माध्यमांनी ते बातमी म्हणून चालवले. घाबरून माणसं गावी निघाली. सगळे त्यांच्याविषयी बोलत होते. भोजपुरीत, मैथिलीत त्यांना कुणी विचारलं होतं?

आज या कावेरीच्या खोऱ्यात भाताची लावणी करायला बंगालमधून मजूर येतात. ज्या शेतांवरून दलित मजूर मलायाला गेले, ज्या जुन्या तंजावर जिल्ह्यात 25 डिसेंबर 1968 ला कीळवेण्मणीत मजुरी वाढवून मागणाऱ्या दलित कुटुंबांतली 44 माणसं एका झोपडीत जाळली गेली, त्याच मुलखात आता बाहेरून आलेले हात आहेत. कीळवेण्मणीवर मैथिली शिवरामन यांनी लिहिलं म्हणून उच्च न्यायालयानं 1973 साली जमीनदारांना कसं सोडलं त्याचा हिशेब कागदावर राहिला. या बंगाली मजुरांचा दर काय ठरला, दलालानं किती कापला, राहायला कुठं ठेवलं, त्यांत कोणत्या जातीचे किती, हे कोण लिहितंय? तुमच्यातल्या कुणाला बंगाली येत असेल, किंवा मजुरांपैकी कुणाला मोडकं तमिळ येत असेल, तर सुरुवात तेवढ्यावर होते. छापखाना लागत नाही. फोन सगळ्यांकडे आहे. मात्र लिहिलेलं छापायच्या आधी त्यांनाच वाचून दाखवा. ते चुका काढतात, आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असतं. नाव छापलं तर काम जाईल असं कुणी म्हणालं, तर नाव झाका. पण ते झाकायचं त्याच्या सांगण्यावरून. जागेअभावी नाही.

मी फार बोलले. तुमच्यापैकी तिघा-चौघांनी शिवारात जाऊन टिपणं आणली आहेत असं कळलं. एक तर तमिळमध्येच आहे. मला ती भाषा येत नाही, कुणीतरी शेजारी बसून सांगा. चला, वाचा.