डिस्को संगीताचा उदयास्त

लक्ष्मी चंचल खरी. परंतु लोकप्रियता तिच्याहूनही चंचल असते. अमेरिकेंतील डिस्को संगीताचा उत्कर्ष आणि ऱ्हास अवघ्या एका दशकांत आटोपला. मात्र तो ऱ्हास संगीताचा होता कीं केवळ त्याच्या नांवाचा, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे.

१९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत न्यूयॉर्कमधील नृत्यगृहांत हें संगीत वाढीस लागलें. तेथें वादकांचा ताफा नसे. ध्वनिमुद्रिकाच एकामागून एक अशा खुबीनें वाजविल्या जात कीं, नाचणारांचें पाऊल थांबूं नये. प्रत्येक मात्रेवर ढोलाचा सारखा आघात, खर्जांतील गिटारची खेळकर चाल आणि वर व्हायोलिनांची झुळूक, असा त्याचा थाट असे. कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी व समलिंगी अशा ज्या लोकांना इतरत्र मोकळेपणानें नाचण्याची सोय नव्हती, त्यांचा हा हक्काचा आनंद होता.

१९७७ सालीं ‘सॅटरडे नाइट फीवर’ हा चित्रपट निघाला आणि डिस्को घरोघरीं पोहोंचलें. येथेंच अतिरेकास आरंभ झाला. कित्येक नभोवाणी केंद्रें रात्रंदिवस तेंच वाजवूं लागलीं. रॉक संगीतांतील नामवंत गायकही त्याच तालावर गाऊं लागले. गोडाचाही अखेर वीट येतो.

शिकागोमधील स्टीव्ह डाल या निवेदकाचें केंद्र डिस्कोकडे वळल्यामुळें त्याची नोकरी गेली होती. दुसऱ्या केंद्रावरून त्यानें डिस्कोविरुद्ध मोहीम उघडली. १२ जुलै १९७९ रोजीं कॉमिस्की पार्क या क्रीडांगणावर बेसबॉलचे दोन सामने होते. डिस्कोची ध्वनिमुद्रिका आणून देणारास ९८ सेंटांत प्रवेश होता. पहिल्या सामन्यानंतर त्या मुद्रिकांची पेटी स्फोटानें उडविण्यांत आली. हजारों प्रेक्षक मैदानांत घुसले व दुसरा सामना होऊंच शकला नाहीं. आपला रोष केवळ संगीतावर होता, असें डाल पुढें सांगत राहिला. परंतु जमा झालेल्या ढिगांत डिस्कोशीं संबंध नसलेल्या कृष्णवर्णीय गायकांच्याही मुद्रिका होत्या, असें तेथें कामास असलेल्या एका कृष्णवर्णीय तरुणानें नमूद केलें आहे. कंटाळ्याच्या आड तिरस्कारही लपूं शकतो, तो असा.

त्यानंतर डिस्को हें नांवच व्यापाऱ्यांना नकोसें झालें. १९८० सालीं ग्रॅमीनें डिस्कोसाठीं स्वतंत्र पारितोषिक दिलें. तें ग्लोरिया गेनर हिच्या गीतास मिळालें, आणि पुन्हां तें कधींच दिलें गेलें नाहीं.

पण ताल थांबला नाहीं. त्याच शिकागोंत ‘वेअरहाउस’ नांवाच्या नृत्यगृहांत फ्रँकी नकल्स त्या मुद्रिका वाजवीतच राहिला, व त्यांतून ‘हाउस’ हें नवें संगीत जन्मास आलें. इकडे मुंबईच्या चित्रसृष्टींत तर अमेरिकेंतील या अस्तानंतरच डिस्कोचा उदय झाला. १९८० सालच्या ‘कुर्बानी’नें त्याची गोडी लावली आणि १९८२ सालच्या ‘डिस्को डान्सर’नें बप्पी लाहिरी यांच्या चाली गल्लोगल्लीं नेल्या.

पेटींतील तबकड्या फुटल्या. परंतु ज्यांच्या पायांत तो ताल भिनला होता, त्यांचें नाचणें त्या स्फोटानें थांबलें नाहीं.