स्टेटस टाकून झोपलो त्या रात्रीबद्दल

आज फाशीबद्दल बोलायचंय, पण आधी एक कबुली. २० मार्च २०२० ला पहाटे साडेपाचला तिहारमध्ये निर्भया प्रकरणातल्या चौघांना फाशी झाली, तेव्हा मी जागा होतो. ‘न्याय झाला’ असं स्टेटस टाकलं आणि मगच झोपलो.

त्याच्या वर्षभर आधीची, ५ मार्च २०१९ ची बातमी मात्र माझ्या गावीही नव्हती.

नाशिक जिल्हा, जून २००३. पेरूच्या बागेतल्या झोपडीवर रात्री दरोडा पडला. पाच जणांचे खून, दोघींवर बलात्कार. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. २००६ मध्ये सेशन्स कोर्टाने सगळ्यांना फाशी सुनावली. हायकोर्टाने त्यातल्या तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तीही बदलून पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. म्हणजे याच्या वर अपील ऐकणारं कोर्टच उरलं नाही! आणि दहा वर्षांनी त्याच कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

चूक कुठे होती? त्या रात्रीतून वाचलेल्या बाईने लगेचच पोलिसांकडच्या गुन्हेगारांच्या फोटोंमधून चौघांना ओळखलं होतं. ते चौघे वेगळेच होते. त्यांचा तपासच झाला नाही. आमच्याकडे सिस्टिम पडली की सगळ्यात पहिला लॉग आधी उघडतात. इथे तो कागद फाइलमध्येच होता, आणि माणसं सोळा वर्षं आत. कोर्टाने प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला सांगितली. हिशोब करा, महिन्याला तीन हजारसुद्धा पडत नाहीत. पण निदान घ्यायला माणसं जिवंत होती.

हे सगळं आईला सांगितलं. ती म्हणाली, “आपल्या ताईचं असं झालं असतं तर तू हेच बोलला असतास?”

खरं सांगतो, नसतो बोललो. मीच दोर मागितला असता, आणि पोलिसांनी समोर आणून उभे केलेल्या कोणाही सहा जणांसाठी मागितला असता. तेच मी तिला म्हणालो. शिवाय त्या सहांना फासावर दिलं असतं तर फाइल बंद, आणि ज्यांनी खरंच केलं ते मोकळे.

आई काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, “त्या वाचलेल्या बाईचं पुढे काय झालं रे?”