डोंगर बोडके करणारे निघून गेले

वृक्षारोपण म्हटले की फावडे हाती घेतलेला मंत्री आणि त्याच्यासमोरचा छायाचित्रकार डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यातली हकीकत निराळी आहे.

अ‍ॅपलाचियन पर्वताच्या तेथील माथ्यांवर एकेकाळी रेड स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाचे सुमारे 5 लाख एकर अरण्य होते. 1880 नंतरच्या चार दशकांत लाकूड कंपन्यांनी डोंगरांवर आगगाड्या चढवल्या आणि ते जवळजवळ सारे कापून नेले. मागे टाकलेल्या फांद्यांच्या ढिगांना आगी लागल्या. झाडांपाठोपाठ शतकांची कुजमातीही जळाली; डॉली सॉड्सच्या पठारावर तर खडक उघडा पडला. जेमतेम दशांश अरण्य वाचले. नफा बाहेर गेला आणि बोडके डोंगर 1911 च्या वीक्स कायद्यान्वये सरकारने, म्हणजे जनतेने, पैसे मोजून विकत घेतले! 1920 साली मोनोंगाहेला राष्ट्रीय अरण्य स्थापन झाले ते असे.

लाकडानंतर पाळी कोळशाची. चीट माउंटनवर उघड्या खाणी खोदल्या गेल्या. काम आटोपल्यावर ‘दुरुस्ती’ झाली, ती अशी: धूप थांबावी म्हणून यंत्रांनी माती दाबली, गवत पेरले, परका नॉर्वे स्प्रूस लावला. डोंगर हिरवा दिसू लागला, पण त्या घट्ट मातीत मुळे शिरेनात, पाणी मुरेना. अरण्य परतलेच नाही.

आता वनखाते, वन्यजीव खाते, स्वयंसेवी संस्था आणि अभ्यासक तेथे एकत्र आले आहेत. प्रथम बुलडोझरच्या दातांनी जमीन खोल फाडतात, परकी झाडे आडवी करून तेथेच कुजू देतात, मग देशी रोपे लावतात. जेथे रुंदपानी झाडांखाली स्प्रूसची पोरे दशकानुदशके सावलीत तग धरून असतात, तेथे लावणीची गरजच नसते. वरचे काही वृक्ष काढून उजेड दिला की ती झेपावतात. रोपांच्या संख्येवर यश मोजणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

भागीदारी हा शब्द गोड आहे. रोपे लावायला विद्यार्थी आणि स्वयंसेवक येतात. खर्चाचा मोठा वाटा सार्वजनिक तिजोरीतून जातो. ज्या कंपन्यांनी माथे सोलले, त्यांतल्या कित्येक आज नावालाही उरलेल्या नाहीत. वसुली करायची ती कोणाकडून? म्हणूनच ती परवाना देतानाच करून घेतली पाहिजे.

या अरण्यातली उडणारी खार स्प्रूसच्या मुळांशी वाढणारी भूमिगत बुरशी खाते आणि तिचे बीजाणू दूरवर पसरवते. 1985 साली संकटग्रस्तांच्या यादीत गेलेली ही खार न्यायालयीन वादानंतर 2013 मध्ये यादीबाहेर आली. खाणीच्या त्या जमिनीवर लावलेली रोपे मात्र अजून कोवळी आहेत.